साइट उघडत नाही? फॉरमॅट मारण्याआधी घड्याळ बघा

नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांची ऑफिसं, गोखले रोडच्या आतल्या गल्ल्यांमधली पत्रिका छापणारी डीटीपीची दुकानं, वागळे इस्टेटमधले छोटे गाळे, दवाखान्यातली रिसेप्शनची टेबलं. ठाण्यात अशा प्रत्येक ठिकाणी २०१० ते २०१४ च्या दरम्यान घेतलेला एखादा कॉम्प्युटर सापडतोच. त्यावर विंडोज ७ असतं, सीपीयूच्या डब्यावर धूळ असते, पण यंत्र ठणठणीत. टॅली चालते, प्रिंट निघते, एक्सेल उघडतं. रडारड सुरू होते ती इंटरनेटवर गेल्यावर. बिल भरायचं पान पांढरंफटक दिसतं, बँकेची साइट लाल त्रिकोण दाखवते, प्रवेशाच्या फॉर्मवर ‘सबमिट’ कितीही वेळा दाबलं तरी ढिम्म.

मग कोणीतरी जाणकार येतो आणि दोनपैकी एक सल्ला देतो. ‘फॉरमॅट मारू या’, नाहीतर ‘डबा बदला आता’. फॉरमॅट मारून पुन्हा तेच विंडोज ७ टाकलं तर आजार जागच्या जागी राहतो, वर डेटा जायची भीती. आणि डबा बदलायचाच असेल तर निदान कशासाठी बदलतोय ते माहीत हवं. ‘साइट उघडत नाही’ ही तक्रार एकच वाटली तरी तिच्यामागे वेगवेगळी कारणं असतात. काही शंभर रुपयांच्या आत सुटतात, काही कितीही पैसे घातले तरी त्या मशीनवर सुटत नाहीत. कोणतं कारण आहे ते स्क्रीनवरच लिहून येतं. इंग्रजीत येतं म्हणून आपण ते न वाचताच खिडकी बंद करतो, एवढंच.

लाल त्रिकोण आणि चपटा सेल

‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असं पान आलं की लोकांना वाटतं व्हायरस आला, किंवा साइट हॅक झाली. त्या पानावर खाली बारीक अक्षरांत एक कोड असतो. तो वाचा. त्यात ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असे शब्द असतील तर ब्राउझरला हात लावण्याआधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख बघा, आणि सालसुद्धा बघा. वेळ बरोबर दिसते म्हणून लोक तिथेच थांबतात आणि साल २०१० पडलंय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. क्रोम कधीकधी ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’ असं सरळ सांगूनही टाकतं.

घड्याळाचा आणि साइटचा संबंध असा. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असलेली प्रत्येक साइट ब्राउझरला एक सर्टिफिकेट दाखवते. ही साइट खरंच त्या नावाची आहे, याचा तो पुरावा. त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ही मुदत तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो, कारण त्याच्याजवळ दुसरं घड्याळ नसतं. कॉम्प्युटर २०१० मध्ये आहे आणि सर्टिफिकेट गेल्या महिन्यात निघालेलं आहे, म्हणजे ब्राउझरच्या हिशेबात ते अजून सुरूच झालेलं नाही. तो अडवतो, आणि त्याच्या बाजूने बरोबरच अडवतो.

पूर्वी यात थोडी ढिलाई चालायची, कारण सर्टिफिकेटं दोन-तीन वर्षांची असत. १ सप्टेंबर २०२० पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. पुढचं वेळापत्रकही ठरलेलं आहे: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७ दिवस. बऱ्याच साइट फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडून घेतात, त्यांची मुदत अनेक वर्षं ९० दिवसांचीच आहे. मुदत जितकी आखूड, तितकं सर्टिफिकेट ताजं. म्हणून हल्ली घड्याळ महिनाभर जरी मागे राहिलं तरी अर्ध्या साइट बंद पडल्यासारख्या होतात.

घड्याळ मागे का पडतं? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. पाच-सात वर्षांनी तो उतरतो. घरचा पीसी बटणाने बंद केला तरी भिंतीवरचा स्विच चालूच राहतो, त्यामुळे उतरलेला सेलही खपून जातो. सोसायटीच्या ऑफिसात मात्र निघताना मेन स्विच पाडायची शिस्त असते. म्हणून तक्रार नेमकी सकाळी ऑफिस उघडल्यावर येते. ‘काल तर चालत होतं’ हे ऐकलं की माझा संशय पहिल्यांदा सेलवर जातो.

तो बदलायला माणूस बोलवायची खरंतर गरज नाही. पीसी बंद करा, भिंतीवरची वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डब्याची बाजूची पत्री काढली की सेल दिसतो. कडेची छोटी क्लिप नखाने किंवा पेनाच्या टोकाने मागे ढकलली की तो उडून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, शंभराच्या आत. फक्त आकड्यात गफलत नको. सीआर २०२५ सुद्धा दिसायला तसाच असतो पण पातळ असतो, २.५ मिलिमीटर. आपल्याला ३.२ मिलिमीटरचा हवा. पातळ सेल सैल बसतो आणि दोन दिवसांनी पुन्हा तीच कटकट.

सेल घातल्यावर तारीख आणि साल हाताने बरोबर करा, मगच इंटरनेटवरून वेळ जुळवायचं बटण दाबा. क्रम उलटा केला तर काम होत नाही. फरक वर्षांचा असेल तर विंडोज आपणहून एवढी मोठी उडी मारायला तयार नसतं, तारीख जुळत नाही म्हणून नकार देतं. टाइम झोन साडेपाच तासांचा, भारताचा आहे ना, तेही याच खिडकीत दिसतं.

घड्याळ बरोबर आहे, तरी लाल

मग प्रश्न सर्टिफिकेटवर सही कोणाची आहे याचा. सातबाऱ्याच्या नकलेवर शिक्का असतो, आणि समोरचा कारकून तो शिक्का ओळखतो म्हणून नक्कल चालते. शिक्का बदलला आणि कारकुनाकडे जुन्याच शिक्क्यांची यादी असली तर खरा कागदही परत येईल. ब्राउझरजवळ किंवा विंडोजजवळ अशीच विश्वासू संस्थांची यादी असते. मशीनला वर्षानुवर्षं अपडेट नाही म्हणजे यादी जुनी.

हे एकदा जगभर मोठ्या प्रमाणावर घडलं. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या सर्टिफिकेटांचा ज्यावर आधार होता ते ‘डीएसटी रूट सीए एक्स ३’ नावाचं मूळ सर्टिफिकेट संपलं. नवं मूळ सर्टिफिकेट आधीच तयार होतं आणि ज्यांची यादी ताजी होती त्यांना काही कळलंही नाही. पण जुने मॅक, आयओएस १० च्या आधीचे आयफोन आणि विंडोज अपडेट कायमचं बंद करून ठेवलेले पीसी एका रात्रीत निम्म्या इंटरनेटला मुकले. ‘अपडेटने नेट संपतं’ म्हणून ते बंद करून ठेवायची पद्धत आपल्याकडे फार. तिचा हिशेब असा नंतर चुकवावा लागतो.

तपासायला एक सोपी युक्ती आहे. फायरफॉक्स पहिल्यापासून स्वतःची यादी बाळगतं, विंडोजची वापरत नाही. क्रोमने स्वतःची यादी २०२२ मध्ये आणली. त्याआधीची क्रोमची आवृत्ती विंडोजवरच अवलंबून असते. तेव्हा जी साइट जुन्या क्रोममध्ये लाल होते ती त्याच मशीनवर फायरफॉक्समध्ये नीट उघडली, तर दोष विंडोजच्या यादीत आहे. दोन्हींत लाल झाली तर कुलपाच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा. तिथे तुमच्या अँटीव्हायरसचंच नाव दिसलं तर उत्तर सापडलं. काही अँटीव्हायरस येणारी-जाणारी सगळी माहिती तपासण्यासाठी मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट घुसवतात. त्यांची वर्गणी संपली किंवा आवृत्ती जुनी झाली की ही मधली कडी तुटते आणि आळ ब्राउझरवर येतो.

फायरफॉक्सचीही एक गोष्ट ध्यानात असू द्या. त्याच्या आतलं एक मूळ सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलं. १२८ च्या आधीच्या, आणि दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत ११५.१३ च्या आधीच्या फायरफॉक्समध्ये तेव्हापासून ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जादा साधनं, बंद पडू लागली. कोणाच्या मशीनवर जाहिराती अडवणारं ॲड-ऑन अचानक मेलं असेल तर कारण बहुधा हेच.

कोडमध्ये ‘व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच’ असेल तर मामला आणखी निराळा. ब्राउझर आणि साइट गुप्त भाषेत बोलतात. त्या भाषेची टीएलएस १.० ही आवृत्ती १९९९ ची, १.२ ही २००८ ची, १.३ ही २०१८ ची. जुन्या दोन, म्हणजे १.० आणि १.१, मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये काढून टाकल्या, साइटनीही काढल्या. ज्या ब्राउझरला १.२ येत नाही त्याच्याशी बँक बोलणारच नाही. इथे घड्याळ, सेल, यादी काही कामाचं नाही. ब्राउझरच नवा हवा.

गंमत म्हणजे उलटंही होतं. नवा ब्राउझर टाकला की सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या डब्याचं) पान उघडेनासं होतं, कारण आता जुनाट बाजू डीव्हीआरची आहे. बरेचसे जुने डीव्हीआर चित्र दाखवायला इंटरनेट एक्सप्लोररच मागतात, आणि इंटरनेट एक्सप्लोरर ११ तर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. त्यासाठी विंडोज १० किंवा ११ वर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’ इथे जाऊन इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी द्या आणि डीव्हीआरचा पत्ता त्या यादीत टाका. नोंद ३० दिवस टिकते, मग पुन्हा टाकावी लागते. वॉचमनला हे शिकवून ठेवलेलं बरं.

पान पांढरं, बटण मुकं

हा प्रकार सगळ्यात जास्त छळतो, कारण इथे लाल काहीच दिसत नाही. साइटचा लोगो येतो, वरची पट्टी येते, मधला भाग रिकामा. किंवा सगळं दिसतं आणि बटण दाबलं की काही घडत नाही. माणूस कॅप्चा पुन्हा पुन्हा भरत बसतो, त्याला वाटतं आपलंच अक्षर चुकतंय.

हल्लीची वेबपानं म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रामच असतात. ते चालतात तुमच्या ब्राउझरमध्ये. ही भाषा दरवर्षी वाढते. उदाहरणार्थ, २०२० मध्ये प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून टिंब अशी एक नवी लेखनपद्धत आली. ती क्रोम ८० आणि फायरफॉक्स ७४ पासून कळते. त्याआधीचा ब्राउझर फाइल वाचताना या चिन्हाशी पोचला की पूर्ण फाइलच नाकारतो. हजारो ओळींपैकी एका ओळीत ते चिन्ह असलं तरी एकही ओळ चालत नाही. पान पांढरं राहतं ते असं.

दुसरा प्रकार बटण मुकं होण्याचा. फाइल वाचता येते, पण तिच्यात एखाद्या अशा कामाला हाक मारलेली असते जे जुन्या ब्राउझरला ठाऊकच नाही. त्या जागेपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि तिथे थांबतं. विंडोज ७ वर जास्तीत जास्त क्रोम १०९ चढतं. पावत्या, बिलं, हॉल तिकीट पानातल्या पानात दाखवणाऱ्या पुष्कळ साइट पीडीएफ डॉट जेएस नावाचं तयार साधन वापरतात. त्याच्या नव्या आवृत्त्या ‘प्रॉमिस डॉट विथ रिझॉल्व्हर्स’ नावाचं काम मागतात, आणि ते क्रोमला ११९ पासून येतं. म्हणून लॉगिन होतं, पैसे जातात, मेसेज येतो आणि पावतीचा चौकोन रिकामा. तोपर्यंत माणसाच्या पोटात गोळा येतो. पैसे गेलेले असतात आणि पावतीही तयार असते. फक्त दिसत नसते. तिथे ‘डाउनलोड’चं बटण असेल तर फाइल उतरवून वेगळी उघडा, नाहीतर मोबाइलवर लॉगिन करून घ्या. पुन्हा पैसे भरू नका.

खात्री करायची असेल तर त्या पानावर एफ १२ दाबा. बाजूला एक खिडकी उघडते, तिथे वर ‘कन्सोल’ असतं. त्यात लाल ओळी बघा. ‘सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड टोकन’ दिसलं तर पहिला प्रकार. ‘इज नॉट अ फंक्शन’ दिसलं तर बहुधा दुसरा. दोन्हींचा अर्थ एकच नाही, पण जुन्या मशीनवर दोन्हींचं बोट बहुतेक वेळा ब्राउझरच्या वयाकडेच असतं. ‘फेल्ड टू लोड’ किंवा ‘५००’ अशा ओळी असतील तर मात्र नेट किंवा पलीकडचा सर्व्हर आजारी आहे. सर्व्हर आजारी असेल तर मोबाइलवरही तसंच होईल.

पण एफ १२ च्याही आधी एक काम करा. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून खासगी खिडकी उघडा, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. त्या खिडकीत साइट चालली तर ब्राउझर जुना असल्याचा काही संबंध नाही. एखादं एक्स्टेंशन (ॲड-ऑनचंच क्रोममधलं नाव) मध्ये लुडबुड करतंय किंवा ब्राउझरने साठवलेला साइटचा जुना साठा (कॅश) अडकून बसलाय. साठा साफ करा, ओळखीचं नसलेलं एक्स्टेंशन काढा, काम झालं. जुन्या पीसींवर ‘कूपन’, ‘सर्च’, ‘कन्व्हर्टर’ अशा नावांची चार-पाच तरी न मागवलेली पाहुणी मंडळी निघतात.

कधीकधी साइट स्वतःच सांगते, ‘तुमचा ब्राउझर चालणार नाही’. यातल्या काही साइट खरंच क्षमता तपासतात, काही नुसता आकडा वाचतात. आकडा बदलून साइटला फसवणारी एक्स्टेंशन मिळतात. बातमी वाचायला हा उद्योग करून बघा हवं तर, पण पैसे भरायच्या पानावर करू नका. अर्ध्यात अडकलं तर कोणाकडे दाद मागणार?

अपडेट दाबलं तरी होत का नाही

क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, मग हेल्प, मग अबाउट. फायरफॉक्समध्ये तीन रेघा, हेल्प, अबाउट. इथे आवृत्तीचा आकडा दिसतो आणि अपडेटही इथूनच सुरू होतं. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून ‘विनव्हर’ टाइप करा, म्हणजे विंडोज कोणतं ते कळेल. हे दोन आकडे हातात असले की निम्मं निदान झालं. दुकानात फोन करून विचारतानाही हेच दोन आकडे सांगा. ‘जुना पीसी आहे’ यावरून समोरच्याला काही कळत नाही.

ब्राउझर हवेत चालत नाही. चित्र काढणं, फाइल उघडणं, एका टॅबला दुसऱ्यापासून कोंडून ठेवणं, या सगळ्यासाठी तो विंडोजची मदत घेतो. विंडोजच्या एखाद्या आवृत्तीला कंपनीने सोडून दिलं की ब्राउझरवाले काही काळ थांबतात आणि मग तेही सोडतात. एक्सपी आणि व्हिस्टासाठी क्रोम ४९ शेवटचं, २०१६ चं. त्याच दोघांसाठी फायरफॉक्सची ५२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती शेवटची. विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी क्रोम १०९, जानेवारी २०२३ चं. एजचाही आकडा तोच. फायरफॉक्सने या तिघांसाठी ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती ठेवली आणि तिची मुदत ठरल्यापेक्षा पुढे वाढवत नेली, म्हणून विंडोज ७ वर काही करायचंच असेल तर मी आधी तीच टाकायला सांगतो. प्रोसेसरचीही अट असते. २०२१ च्या क्रोम ८९ पासून एसएसई ३ नावाच्या सूचना नसलेल्या प्रोसेसरवर क्रोम चालत नाही, पण एवढे म्हातारे पीसी आता बघायलाही मिळत नाहीत.

विंडोज १० असून क्रोम जुनंच राहत असेल तर कारण क्षुल्लक असतं. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असतो, किंवा ‘पीसी फास्ट करणाऱ्या’ एखाद्या सॉफ्टवेअरने गूगल अपडेटची सर्व्हिस बंद करून टाकलेली असते. जागा मोकळी करा, अधिकृत साइटवरून क्रोम पुन्हा उतरवून जुन्यावरच बसवा. बुकमार्क जात नाहीत. ते वेगळ्या फोल्डरमध्ये असतात.

अधिकृत साइट हा शब्द इथे सहज आलेला नाही. ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे क्लिक करा’ असं सांगणारी पानं कुठल्याही भलत्या साइटवर उगवतात आणि त्यातून उतरणारी फाइल क्रोमचं चिन्ह लावलेला मालवेअर असते. ही जुनी आणि अजून चालणारी फसवणूक आहे. खरा ब्राउझर स्वतःचं अपडेट स्वतःच्या मेनूत दाखवतो. पानाच्या मधोमध चौकोन आला तर टॅब बंद करा.

मग त्या डब्याचं करायचं काय

क्रोम १०९ किंवा त्याहून जुन्या ब्राउझरवर बँकेचं काम करू नये हे माझं स्पष्ट मत आहे, साइट उघडत असली तरी. त्यात सापडलेल्या भोकांना आता ठिगळ मिळत नाही, आणि ती भोकं कोणती हे जगजाहीर असतं. जुन्या विंडोजवर नवं क्रोमियम (क्रोमचा मूळ सांगाडा) चालवणारे सुपरमियमसारखे ब्राउझरही आहेत. पान दिसण्यापुरतं ते चालतं, पण खालचं विंडोज तसंच उघडं राहतं.

विंडोज १० टाकणं हा अनेकांचा पहिला विचार. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती पीसीला नाव नोंदवून सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय ठेवली आहे, क्रोमही त्यावर चालतं. पण आज त्यासाठी खर्च करणं म्हणजे तात्पुरती डागडुजी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१२ च्या डब्यात तो नाही. अट चुकवून ११ टाकून देणारे भेटतात, घरी हौसेने केलं तर करा, पण ज्या मशीनवर सोसायटीचे हिशेब आहेत तिथे नको. पुढचं कुठलं अपडेट कधी अडकेल याची हमी कोणी देत नाही.

मशीन ६४ बिटचं असेल आणि मेमरी (रॅम) चार जीबी असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट, तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती, मला सगळ्यात पटते. कागदोपत्री ती दोन जीबीवरही चालते. फुकट आहे, २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फायरफॉक्स कायम ताजं राहतं, आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून लगेच जोडता येतो. पेनड्राइव्हवरून सुरू करून, हार्ड डिस्कला हात न लावता आधी वापरून बघता येतं. प्रिंटर, वायफाय चालतं का ते तेव्हाच बघा. टॅली असेल, किंवा सीएकडे लागतो तसा डिजिटल सहीचा टोकन रोज लावायचा असेल, तर मात्र विंडोजच ठेवा. त्या सहीच्या सॉफ्टवेअरशी लिनक्सवर झटापट करण्यात आठवडा जाईल.

मशीन नुसतं संथ असेल तर वेगळा विचार. क्रोम २०१८ पासून प्रत्येक साइट वेगळ्या कप्प्यात चालवतं. सुरक्षेसाठी ते चांगलं, पण मेमरी खातं. दोन जीबीत चार टॅब उघडले की पीसी हार्ड डिस्कला मेमरीसारखं वापरू लागतो आणि डब्यातून करकर ऐकू येते. इथे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) घातली तर फरक डोळ्यांना दिसतो. जुन्या पद्धतीची डीडीआर ३ मेमरी नव्या दुकानांत सहसा नसते. लॅमिंग्टन रोडला मिळते. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या, नाहीतर दुसरीच घेऊन याल.

डीटीपीवाल्यांचं आणि वर्कशॉपवाल्यांचं दुखणं निराळं. त्यांचं सॉफ्टवेअर किंवा त्याचं डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) विंडोज एक्सपी किंवा ७ शिवाय चालतच नाही, आणि वर्षानुवर्षांच्या पत्रिकांच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या. त्यांनी ते मशीन बदलू नये. फक्त त्याची नेटची वायर काढून टाकावी. मेल, पेमेंट, गिऱ्हाइकाच्या फाइली यासाठी दुसरा कोणताही साधा पीसी चालेल. मधे फिरणारा पेनड्राइव्ह एकच ठेवा आणि नव्या मशीनवर स्कॅन केल्याशिवाय जुन्याला लावू नका.

काहीही बदलायच्या आधी ब्राउझरमधून बुकमार्क एक्स्पोर्ट करा. पासवर्डही एक्स्पोर्ट करा. क्रोमचं आख्खं फोल्डर उचलून नव्या मशीनवर नेलं तरी पासवर्ड सोबत येत नाहीत, कारण ते त्या विंडोजच्या खात्याच्या चावीने बंद असतात. हे फॉरमॅट मारल्यावर कळून उपयोग नाही. एक्स्पोर्ट केलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत दिसतात. नव्या ब्राउझरमध्ये ते आले की ती फाइल शिफ्ट धरून डिलीट करा, ज्या पेनड्राइव्हवर ठेवली होती त्यावरूनही.